मलमलीचा झगा, लाल मखमल आणि राणीची चित्रकार

१७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये सलोन भरलं, म्हणजे तिथल्या रॉयल अकादमीचं दर दोन वर्षांनी होणारं चित्रप्रदर्शन, आणि त्यात फ्रान्सच्या राणीचं असं एक पोर्ट्रेट लागलं की बोभाटा झाल्यावर ते भिंतीवरून उतरवावं लागलं. राणी म्हणजे मारी आंत्वानेत. चित्रकार एलिझाबेथ व्हिजे लब्रँ, वय २८, आणि अकादमीची मेंबर होऊन तिला तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

हे प्रकरण मला जरा नीट मांडायचंय, कारण नेहमी सांगितली जाते ती गोष्ट अर्धीच आहे: राणीला साध्या पांढऱ्या झग्यात काढलं, लोक भडकले, चित्र हटवलं, विषय संपला. पण विषय संपला नव्हता, तो पुढे चार वर्षं चालला आणि १७८७ च्या एका भल्यामोठ्या चित्रापाशी येऊन थांबला, आणि ही दोन्ही चित्रं एकत्र धरली तरच कळतं की दरबारी पोर्ट्रेट काढणाऱ्याच्या हातात किती असतं आणि कुठे त्याचा हात पोचतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. १७८३ मध्ये चित्रकार म्हणून तिचं काही चुकलं नव्हतं, आणि १७८७ मध्ये तिने कितीही बरोबर केलं असतं तरी राणीची अब्रू सावरणार नव्हती.

आधी ती तिथपर्यंत पोचली कशी ते. वडील लुई व्हिजे पेस्टलमध्ये पोर्ट्रेटं काढायचे, मुलीचा हात लहानपणीच त्यांच्या लक्षात आला होता, पण ती १२ वर्षांची असताना ते गेले. आईने एका सोनाराशी दुसरं लग्न केलं आणि मुलगी पंधरा-सोळाची होईपर्यंत लोकांची पोर्ट्रेटं करून घरात पैसे आणायला लागली, जे तिच्याच सांगण्यानुसार सावत्र बाप खिशात घालायचा. १७७४ मध्ये तिच्या स्टुडिओला सरकारी सील लागलं, कारण लायसन्स नसताना धंदा करत होती, मग ती सेंट ल्यूकच्या अकादमीत म्हणजे चित्रकारांच्या गिल्डमध्ये रीतसर दाखल झाली. १७७६ मध्ये लग्न, नवरा जाँ-बातिस्त-पिएर लब्रँ, चित्रांचा व्यापारी. नजर पक्की, जुन्या डच आणि फ्लेमिश मालाची पारख उत्तम, पण पैशाच्या बाबतीत बाईचं नशीब तिथेही तेच, कमावणारी ही आणि उडवणारा तो. तरी एक सांगायला हवं, त्या घरातून जी चित्रं विकायला येत-जात होती ती तिला रोज जवळून बघायला मिळाली आणि हे शिक्षण त्या काळी मुलीला दुसरीकडे कुठे मिळालंच नसतं.

१७७८ मध्ये व्हर्सायचं, म्हणजे पॅरिसजवळच्या राजमहालाचं बोलावणं आलं. राणीची आई, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा, कितीतरी वर्षं मुलीचं धड पोर्ट्रेट मागत होती आणि एकही चित्रकार राणीला पसंत पडत नव्हता. व्हिजे लब्रँने पांढऱ्या सॅटिनचा प्रचंड घेराचा दरबारी पोशाख, खांब, टेबलावर मुकुट असं सगळं शास्त्रोक्त काढून दिलं आणि ते व्हिएन्नाला गेलं, आजही तिथेच आहे. राणी आणि चित्रकार दोघीही १७५५ च्या, एकाच वयाच्या. सिटिंगच्या वेळी दोघी मिळून गाणी म्हणायच्या असं तिच्या आठवणींत आहे, आणि एकदा ही गरोदर असताना रंगाचं सामान खाली सांडलं तर राणीने स्वतः वाकून उचललं असंही. दरबारी पोर्ट्रेटचा धंदा कसा चालायचा तेही इथे समजून घ्यायला हवं. मूळ चित्र एक, पण त्याच्या कॉप्या नातेवाइकांच्या घरी आणि परक्या दरबारांत जायच्या, म्हणजे राजाराणीचा चेहरा युरोपभर कसा दिसणार हे त्या एका कॅनव्हासवर ठरायचं. ज्याच्याकडे ती ऑर्डर आली त्याच्या दाराशी मग बाकीचे सरदार-दरकदार आपोआप रांग लावायचे, तसे तिच्याही दाराशी लावायला लागले.

तिचं कसब नेमकं कशात होतं? दोन गोष्टी सांगते. १७८१ मध्ये ती नवऱ्याबरोबर फ्लँडर्सला गेली आणि अँटवर्पला तिने जुना फ्लेमिश चित्रकार रुबेन्स याने काढलेलं हॅट घातलेल्या बाईचं पोर्ट्रेट पाहिलं. त्यात चेहऱ्यावर हॅटची सावली आहे आणि तरी त्वचा आतून उजळल्यासारखी दिसते, एक उजेड थेट उन्हाचा आणि दुसरा आभाळातून पसरलेला, आणि दोन्हींचा मेळ. मग गवती हॅट घातलेलं, हातात पॅलेट धरलेलं स्वतःचंच पोर्ट्रेट तिने त्या पद्धतीने केलं. पातळ, पारदर्शक रंगाचे थरावर थर चढवून गालाची ती कांती आणायची, हे तिथून तिच्या हातात बसलं. दुसरी गोष्ट म्हणजे ती गिऱ्हाइकाचे कपडे आणि केस स्वतः बदलायची. त्या काळच्या बायकांचा तो ताठ पेहराव आणि केसांवरची पावडर तिला अजिबात आवडायची नाही. एका तरुण डचेसचे काळेभोर केस तिने पावडरीशिवाय, कपाळावर भांग पाडून मोकळ्या बटांमध्ये काढले. डचेसबाई सिटिंग संपल्यावर तश्शाच नाटकाला गेल्या आणि बघता बघता तीच फॅशन झाली.

आता १७८३. अकादमीत बायकांसाठी चारच जागा, त्यातल्या दोन भरलेल्या. शिवाय नियम असा की अकादमीच्या मेंबरचा चित्रांच्या खरेदी-विक्रीशी संबंध नसावा, आणि हिचा नवरा तर व्यापारी. राजाच्या इमारती आणि कलांचं खातं सांभाळणारे कोंत दांजिविये यांनी तेच बोट दाखवलं. मग राणीने शब्द टाकला आणि राजाच्या हुकमाने ३१ मे १७८३ ला ती आत गेली. त्याच दिवशी आणखी एक बाई निवडली गेली, आदेलाइद लाबीय-ग्यार, ती मात्र रीतसर मतांनी. म्हणजे उरलेल्या दोन जागा एका दिवसात भरल्या आणि पॅरिसला आयतीच तुलना करायला जोडी मिळाली. हुकमाने आलेली आणि मतांनी आलेली, हा फरक पुढे कोणी विसरलं नाही, आणि माझ्या मते व्हिजे लब्रँच्या करिअरवर पडलेली पहिली खरी गाठ ही आहे, झग्याचं चित्र नंतरचं. तिचं नाव त्या दिवसापासून राणीच्या नावाला बांधलं गेलं.

तर ते चित्र. राणी उभी आहे, कमरेच्या जरा खालपर्यंतच दिसते. डोक्यावर पिसं लावलेली गवती हॅट, अंगात पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, गळ्याशी त्याच कापडाची झालर, कमरेला पिवळसर झिरझिरीत पट्टा बांधलेला, हातात गुलाब. दागिना एक नाही. मुकुट नाही, सिंहासन नाही, नुसता मागे काळपट पडदा असावा तशी पार्श्वभूमी. राणी आपल्या त्रियानोंच्या, म्हणजे व्हर्सायच्या आवारातल्या तिच्या खासगी महालाच्या बागेत खरंच असे कपडे घालायची आणि तिला स्वतःला हे पोर्ट्रेट पसंत होतं, हे मुद्दाम सांगते, कारण दोष चित्रकाराच्या माथी मारणारे हे विसरतात. खासगी भिंतीवर लागलं असतं तर कोणी ब्र काढला नसता. पण सलोनमध्ये पॅरिसचा कोणीही माणूस फुकट आत येऊन बघू शकत होता आणि त्या माणसाला राणी दिसली ती त्याच्या मते आतल्या कपड्यांत. अशा झग्याला फ्रेंचमध्ये शेमीज म्हणायचे आणि शेमीज म्हणजे अंतर्वस्त्रच, मग काय, चर्चेला ऊत आला.

त्यात कापडाचं राजकारण. मलमल फ्रान्सची नाही, तिचं नाव निघालं की आपला हिंदुस्थान डोळ्यासमोर यायचा, बंगालची मलमल तर युरोपभर नावाजलेली. फ्रान्सच्या राणीने घालायचं ते फ्रान्समधल्याच लियाँ शहराचं रेशीम, कारण लियाँचे विणकर दरबाराच्या मागणीवर जगत होते, आणि राणीच बाहेरच्या साध्या सुती कापडाची जाहिरात करत उभी राहिली तर त्यांच्या पोटावर पाय. शिवाय ती मुळात ऑस्ट्रियाची, परकी, संशय आधीपासून होताच. एका झग्यात एवढं सगळं भरलेलं होतं.

चित्र काढून घेतलं. आता चित्रकाराने काय करायचं? इथे तिची धंद्याची समज दिसते आणि मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात आवडतो. ती वाद घालत बसली नाही आणि चित्र नव्याने योजतही बसली नाही. घाईघाईने दुसरं पोर्ट्रेट केलं, त्यात उभं राहण्याची ढब तीच, मान तशीच वळलेली, हातात तोच गुलाब, दोन्ही हातांची ठेवण तीच, फक्त कपडे बदलले. निळसर करड्या रेशमाचा दरबारी पोशाख, त्याला भरपूर लेस, गळ्यात मोत्यांचे दोन सर, मनगटांवरही मोती, मागे झाड आणि गुलाबाची फुलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा, चेहऱ्यात जवळजवळ काहीच फरक नाही. लोकांचा आक्षेप चेहऱ्यावर नव्हताच, कापडावर होता, मग तिने कापडच बदललं. हे रेशमातलं पोर्ट्रेट सर्वांना चाललं, त्याच्या कॉप्या झाल्या आणि आज राणीचं सगळ्यात ओळखीचं चित्र म्हणून लोक तेच दाखवतात.

आणि चित्रकाराचं या गोंधळात नुकसान झालं का? उलटच झालं. त्याच सुमारास एका छोट्या नाटकात तिला राणीचं चित्र काढताना दाखवलं होतं, प्रेक्षकांत ती स्वतः बसलेली, आणि सगळं थिएटर तिच्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागलं असं तिने लिहून ठेवलंय. भांडण राणीशी होतं, ब्रशशी नव्हतं. हां, कुजबुज होती. तिची चित्रं तिची नाहीतच, त्याच घरात भाड्याने राहणारा चित्रकार मेनाजो तिला काढून देतो, असं लोक बोलायचे. लाबीय-ग्यारबद्दलही असंच बोलायचे, दुसऱ्या एका पुरुषाचं नाव घेऊन. बाईचं काम चांगलं दिसलं की आतून कोण पुरुष करतोय ते शोधायचं, ही खोड तिथेही होती.

मग आलं हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण. कार्दिनाल रोआँ नावाचा बडा धर्माधिकारी, राणीची मर्जी मिळवायला धडपडणारा, एका ठकबाईच्या जाळ्यात सापडला आणि १६ लाख लिव्रचा (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) हार राणीच्या नावावर उचलला गेला, राणीला पत्ताही नाही. यात एक बारकावा आपल्या चित्राशी येऊन भिडतो. १७८४ च्या ऑगस्टमध्ये रात्रीच्या अंधारात व्हर्सायच्या बागेत कार्दिनालला 'राणी' भेटवली ती निकोल नावाची दुसरीच बाई होती, आणि तिला अंगात घालायला दिला होता पांढऱ्या मलमलीचा झगा, थेट त्या उतरवलेल्या चित्रातल्यासारखा. राणी अशीच दिसते हे एव्हाना सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. पुढे कोर्टाने मे १७८६ मध्ये कार्दिनालला सोडून दिलं आणि लोकांनी त्याचा अर्थ राणीच दोषी असा घेतला.

दरबाराला आता दुसरी राणी दाखवायची होती, आई असलेली. १७८५ च्या सलोनमध्ये स्वीडिश चित्रकार वेर्टम्युलरने तिला दोन मुलांबरोबर त्रियानोंच्या बागेत फिरताना काढलं होतं, पण ते कोणाला रुचलं नाही, राणीलाही नाही. तेव्हा ऑर्डर व्हिजे लब्रँकडे आली, यावेळी सरकारी खात्यातून, मोबदला १८,००० लिव्र. म्हणजे १७८३ ला जे चित्र राणीच्या आवडीतून आलं होतं, त्याच्या बरोब्बर उलटं हे, आधी हेतू ठरलेला आणि मग चित्र.

तिने काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. कॅनव्हास जवळजवळ पावणेतीन मीटर उंच. राणी व्हर्सायच्या महालात बसलेली, अंगावर लाल मखमलीचा पोशाख, त्याला फरची किनार, डोक्यावर तशीच लाल टोपी आणि पिसं. मांडीवर धाकटा, मोठी मुलगी डाव्या बाजूने आईच्या दंडाला बिलगून वर बघतेय, उजवीकडे युवराज. सगळा घोळका त्रिकोणात बसवलेला, इटालियन चित्रांत मेरी, बाळ येशू आणि बाकीची मंडळी बसवतात तसा, आणि तशी चित्रं बघ असा सल्ला तिला चित्रकार डेव्हिडने दिला होता म्हणतात. राणीच्या गळ्यात हार नाही. हाराच्या प्रकरणानंतर हे किती जपून केलंय बघा, आणि त्याहून पुढे म्हणजे मागे अंधारात दागिन्यांचं कपाट उभं केलंय, तर मुलं पुढे उजेडात. शिकल्यासवरलेल्या प्रेक्षकाला कळावं म्हणून, कारण रोमन कॉर्नेलियाची गोष्ट तेव्हा सगळ्यांना पाठ होती, दागिने दाखव म्हटल्यावर जिने आपली मुलं पुढे केली.

उजवीकडे पाळणा आहे आणि युवराज त्याच्याकडे बोट दाखवतोय. पाळणा रिकामा. सगळ्यात धाकटी मुलगी सोफी १९ जून १७८७ ला गेली, वर्षाचीही झाली नव्हती. चित्र तेव्हा चालू होतं आणि पाळण्यात आधी बाळ होतं, ते नंतर पुसलं असं मानलं जातं. मला या चित्राचा विचार करताना दर वेळी हाच कोपरा अडवतो, कारण बाकी सगळं ठरवून केलेलं आहे, कपाट, त्रिकोण, मखमल, सगळ्याला कारण आहे, आणि हे एक दुःख मात्र कोणाच्या योजनेत नव्हतं. राणीचा चेहराही बघा, हसत नाहीये, मुलांकडे बघतही नाहीये, समोर कुठेतरी बघतेय. काहींना तो थंडपणा वाटला. मला ती थकलेली वाटते.

सलोन उघडलं २५ ऑगस्टला आणि हे चित्र वेळेत लागलंच नाही. लोक काय करतील या धास्तीने व्हिजे लब्रँ ते पाठवायला धजत नव्हती. नुसती मोठी चौकट भिंतीवर टांगलेली. त्या वर्षी फेब्रुवारीत अर्थमंत्री कालोनने तिजोरीतला खड्डा देशातल्या बड्या मंडळींसमोर कबूल केला होता आणि सगळं पॅरिस राणीला 'मादाम देफिसी' म्हणजे तूटबाई म्हणत होतं. रिकामी चौकट बघून कोणीतरी म्हणालंच, ही बघा ती तूट. चित्र आल्यावर कामाचं कौतुक झालं, राजाने तर तिला सांगितलं की मला चित्रांतलं कळत नाही पण तुमच्यामुळे ती आवडायला लागलीत. पण ज्या कामासाठी ते काढलं होतं ते झालं नाही. साधं काढलं तर राणीचा मान ठेवला नाही, भारी काढलं तर उधळपट्टी. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तिथे वाशाला रंग कुठला दिला याला काय अर्थ?

आणि यावेळी झळ चित्रकारालाही लागली, हा १७८३ शी फरक. तिने कालोनचंही पोर्ट्रेट केलं होतं, तर तिचं त्याच्याशी सूत आहे अशा पत्रकांचा पाऊस. १७८८ मध्ये तिने घरी मित्रमंडळींना ग्रीक थाटात जेवण दिलं, चादरी-पडदे गुंडाळून पाहुण्यांना ग्रीक बनवलं, खर्च तिच्या हिशोबाने १५ फ्रँक. पॅरिसमधून बातमी फिरत फिरत रोमला पोचेपर्यंत तो ४०,००० झाला, पीटर्सबर्गला ८०,०००. ६ ऑक्टोबर १७८९ ला जमाव राजाराणीला व्हर्सायहून पॅरिसला घेऊन आला आणि त्याच रात्री व्हिजे लब्रँ साध्या कामकरी बाईचे कपडे घालून, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन इटलीच्या रस्त्याला लागली. दहा लाखांवर फ्रँक कमावले होते आणि स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न वीस फ्रँकांचंही नव्हतं, असं ती लिहिते.

जोडीतली दुसरी, लाबीय-ग्यार, मागेच राहिली. ती राजाच्या आत्यांची चित्रकार होती, पण क्रांती आल्यावर तिने असेंब्लीतल्या, म्हणजे क्रांतीच्या नव्या लोकसभेतल्या पुढाऱ्यांची पोर्ट्रेटं केली, त्यात रोबेस्पिएरही. तरी १७९३ मध्ये राजाच्या भावाच्या ऑर्डरवरचं तिचं प्रचंड मोठं चित्र नष्ट करण्याचा हुकूम निघाला, वर्षांची मेहनत गेली. तिच्याकडे बघून मी या प्रकरणात कोणाला शहाणी आणि कोणाला वेडी म्हणायला धजत नाही, पळून जाणारीचं घर गेलं आणि थांबणारीचं काम गेलं.

व्हिजे लब्रँ वाचली ती तिच्या हातामुळे. रोम, नेपल्स, व्हिएन्ना, पीटर्सबर्ग, जिथे जाईल तिथे आठवड्याभरात सिटिंग सुरू. बारा वर्षं. नेपल्सच्या राणीची, म्हणजे मारी आंत्वानेतच्या सख्ख्या बहिणीची पोर्ट्रेटं तिने केली, रशियात म्हाताऱ्या कॅथरीनच्या दोन नातींना उघड्या दंडांनी काढलं आणि सम्राज्ञी नाराज झाली, मग लांब बाह्या घातल्या, पुन्हा तोच कापड बदलायचा उपाय. नवऱ्याने १७९४ मध्ये घटस्फोट घेतला, नाहीतर पळालेलीची मालमत्ता म्हणून सगळंच जप्त झालं असतं. पुढे अडीचशेच्या वर कलावंत-विद्वानांनी अर्ज केला, तिचं नाव फरारांच्या यादीतून निघालं आणि १८०२ मध्ये ती पॅरिसला परतली.

लाल मखमलीतलं चित्र मात्र टिकलं. युवराज जून १७८९ मध्ये गेला, राणीला त्या चित्रासमोरून जाताना रडू आवरेना म्हणून तिने ते हलवायला लावलं होतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या जमावाच्या तावडीतून ते सुटलं. नेपोलियनच्या काळात व्हिजे लब्रँ एकदा व्हर्सायला ते बघायला गेली. चित्र एका बंद खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, लोक बघायला येतात हे कळल्यावर वरून हटवायचा हुकूम आला होता म्हणून. लोक तरी येतच होते. रखवालदाराने तिला ओळखलं, धावत जाऊन चित्र वळवून दाखवलं, आणि निघताना ती त्याच्या हातावर पैसे ठेवायला लागली तर त्याने घेतलेच नाहीत, म्हणाला, बाई, तुमच्या या चित्रावर माझी भरपूर कमाई होते.